हिंगाची डबी

सकाळी उल्का आधी हिंगाची डबी उघडते,
मग खिडकी.

मेच्या मध्यावर सरकारने सांगितलं,
वास गेला तर तेही लक्षण धरा.
तेव्हापासून आमचा हा नेम.
ती जिन्याच्या वरच्या पायरीवर, मी खालच्या,
मध्ये तेरा पायऱ्या, त्या मी रोज मोजतो.
हिशेबनीस होतो, सवय जात नाही.
"आला?"
"आला. पलीकडे हॅलमबाईंनाही आला असेल."

ब्याऐंशी साली याच वासापायी
घरमालकिणीने दाराखालून चिठ्ठी सरकवली होती:
मोरीत काहीतरी मेलंय, कृपया बघा.
उल्काने ती चिठ्ठी जपून ठेवली,
पाहुण्यांना अजून वाचून दाखवते.
दाखवायची.
हल्ली पाहुणे कुठले.

मला पत्र आलंय. मूत्रपिंड बदललेलं,
तेव्हा बारा आठवडे उंबरा ओलांडू नका.
तिला तसं पत्र नाही आलं,
तिला आली ड्यूटीची यादी.
साठी उलटलेली बाई
वृद्धाश्रमातून परतते ती थेट गॅरेजात,
दिवा न लावता कपडे उतरवते,
ते पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.
वर आंघोळीचं पाणी वाजलं
की मला कळतं, आली.

तिथलं काही बोलत नाही.
एकदाच म्हणाली,
चौदा नंबरच्या आजोबांच्या कानाशी फोन धरून उभी होते,
त्यांची मुलगी पलीकडून
कुठल्या तरी जुन्या फुटबॉल सामन्याची हकिगत सांगत होती,
गोल कुणी कसा मारला, सगळं.
हात भरून आला, पण बदलला नाही.
बदलला असता तर तिला ऐकू गेलं असतं
की मध्ये आणखी कुणी आहे.

गुरुवारी आठला गल्ली टाळ्या वाजवायची,
हॅलमबाई तर पातेलं बडवायच्या.
उल्का तेव्हा झोपलेली असायची.
मी खिडकीतून हात हलवायचो,
जणू माझंच काही कौतुक.

जूनअखेर देशाची कुलपं निघायला लागली
आणि आमच्या लेस्टरला तेवढी नव्याने कडी.
त्याच आठवड्यात, बुधवारी,
"आला?"
डबी उघडल्याचा आवाज.
बंद केल्याचा.
परत उघडल्याचा.
"अहो, हा हिंग जुना झालाय का?"

तेरा पायऱ्या मला पहिल्यांदाच
कमी वाटल्या.
आणि तसं वाटल्याची लाज
अजून आहे.

बारा दिवस.
ती बोटाला चिमटा लावून आकडा ओरडायची,
मी वहीत उतरवायचो.
पंच्याण्णव, त्र्याण्णव, एकदा एक्याण्णव,
तिथे पेन कागदातून आरपार गेलं.
त्या रात्री फोनवर पाऊण तास थांबलो,
पलीकडची मुलगी दमलेली, तरी नीट बोलली,
ओठ निळे पडलेत का, विचारलं.
बंद दाराआडून ओठांचा रंग
मी कसा सांगणार होतो?
मऊ भाताचं ताट दाराशी ठेवून
चोरासारखा खाली पळायचो.
ताट परत यायचं, भात तसाच,
लोणच्याची फोड तेवढी चोखलेली.

आता ती बरी आहे, असं कागद म्हणतो.
वास नाही परतला.
दूध नासलंय का, मीच हुंगून सांगतो.
काल फोडणी करताना ती माझ्याकडे वळली,
"सांगा ना, कसा येतोय?"

चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांचे ताळेबंद लिहिले,
वासाला शब्द कुठून आणू?
म्हटलं, मोहरी जरा कडवट.
जिरं म्हणजे, जिऱ्यासारखंच.
"आणि हिंग?"
मी कढईवर वाकलो, चष्मा वाफेने भरला.
"मोरीत काहीतरी मेलंय," मी म्हटलं, "कृपया बघा."

ती हसली.
हसता हसता धाप लागली,
ओट्याची कड धरून उभी राहिली.
मी गॅस बारीक केला.
डाळ अजून ओतायची होती.