हजेरी

केंद्रप्रमुख येऊन गेले बुरोंडीला, भर दुपारी.
पडवीत बसले, ताक प्यायले,
म्हणाले, "मुलगी चुणचुणीत आहे हो,
पण कागद कुठाय?"
मी वही दाखवली.
शाल्मलीच्या अक्षरात भरती-ओहोटीच्या वेळा,
लिलावातले पापलेटचे भाव, त्यांची सरासरी,
बांगड्याच्या पोटात काय सापडलं त्याची चित्रं.
पानं उलटत मान हलवली त्यांनी,
सही कुठे करायची ते त्यांनाही कळेना.

ते गेल्यावर दुसरी वही काढली,
माझी, फडताळातली.
जून : अपूर्णांक. मलाच येत नाहीत नीट, टाळले.
जुलै : टाळले.
मग गणपती, मग पितृपक्ष, मग माझी कंबर.
इंग्रजी : माझ्याइतकंच.

शाळा सोडवली तेव्हा
साऱ्या वाडीसमोर मोठ्या तोंडानं बोलले होते,
पाढे ओरडायला कशाला पाठवू पोरीला?
मास्तरांची बदली तरी होते.
माझी कोण करणार?

रात्री ती आली, लाल पेन घेऊन.
"आई, ही सरासरी. तू बरोबरची खूण केलीयस.
चुकलीय."
पाहिलं. चुकली होती.
साहेबांनी मान हलवली होती, तेच पान.
तीन पानं मागेही तीच चूक,
तीच माझी ठसठशीत खूण.

उद्या खालच्या आळीत जाईन,
घोसाळकर गुरुजींना विचारीन,
दिवेलागणीनंतर अर्धा तास
अपूर्णांक शिकवाल का?
तिला नव्हे.
मला.