जुव्यावरून

चौथ्यांदा आलाय हा ड्रायव्हर.
तीनशे बारा ओळी, तिळाएवढ्या चिपसाठी.
यूएसबीच्या वाटेत मधोमध बसायचं,
दमून आलेला सिग्नल उचलून पुढे द्यायचा, एवढंच तिचं काम.
फोटो असो, पगारपत्रक असो, तिला कळत नाही.
पडलेल्या कडा उभ्या करते फक्त.

आचऱ्यात सकाळपासून वीज नाही.
इन्व्हर्टरवर एक पंखा, एक लॅपटॉप.
मागल्या पडवीत वहिनी तिसऱ्यांची तोंडं उघडतेय,
टक्. टक्.

ओळ चौऱ्याऐंशी: हा एकोणऐंशी कुठून आला?
नाव दे त्याला.
ओळ एकशे सदतीस: वाचन फसलं की तू परत फिरतोस,
रेग्युलेटर मात्र चालूच.
पंप सुरू ठेवून बाजाराला गेल्यासारखं.
ओळ एकशे नव्वद: प्लग उलटा लागला तर?
माणसाला दोन्ही बाजू सारख्या, तारांना नाहीत.
ओळ दोनशे एकवीस: गेन सगळ्यात वरचा का?

इथे माझा हात थांबला.

पूल नव्हता तेव्हा
खाडीतल्या जुव्यावर येसू राहायची.
पलीकडून कोणी कुकारो घातला, "होडी हाड रेऽऽ",
की अर्धा वाराच खायचा.
उरलेला येसू उचलायची
आणि आमच्या काठावर नव्याने फेकायची.
कोण आलंय, मयत की बारसं,
विचारलं नाही कधी.
एकदा तिकडे कोल्हा ओरडला.
तिने तोही तेवढ्याच इमानाने चढवला.
होडी गेली, रिकामी आली.
भिवा तारी आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

हे शेऱ्यात लिहिता येत नाही.
मी लिहिते: गेन वाढला की गोंगाटही वाढतो.
तुझ्या बोर्डावर तार लांब असेल,
दुसऱ्याच्या बोर्डावर बोटभर.
आकडा ज्याच्या त्याच्या वर्णनातून घे.

लिहिणाऱ्याला मी पाहिलेलं नाही.
तिकडे अजून पहाट असेल.
दोघांचंही इंग्रजी उधारीचं,
म्हणून शब्द मोजून, "कृपया" जास्त.

राहता राहिली झोप.
काही जोडलेलं नसेल तेव्हा चिप निजायला हवी,
आणि सस्पेंडचं फंक्शन तू रिकामंच सोडलंयस.
(येसू कधी निजायची?
आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.)

तेवढं भर, पाचवी आवृत्ती पाठव.
मग खाली लिहीन:
तपासलं, सुनेत्रा मुणगेकर.

वीज आली.
विहिरीवर घरघर सुरू झाली आपोआप.
सकाळी बटण बंद करायला
मीच विसरले होते.