सेलूखालचा डोह

आधी वाळू परत आणली.
दुधनेतून उपसलेली दुधनेलाच द्यायची,
टिप्परवाला हसला. भाडं चोख घेतलं.

मग गोटे. नारळाएवढे, मुठीएवढे.
चतुराबाई भोईण काठावरून सांगत होती,
"तिथं नको, जरा वर टाका.
तिला वाहतं लागतं, साचल्यात अंडी घालत नाही ती."
ती म्हणजे खडस.
वीस वर्षांत कुणाला दिसली नव्हती.
जाळ्यात नुसता चिलापी,
आणि एकदा शाळेचं दप्तर.

परभणीहून पिशव्या आल्या, हवा भरून फुगलेल्या.
बोटाएवढी पिल्लं, तीनशे बारा.
सोडण्याआधी पिशव्या अर्धा तास
पाण्यावर तरंगत ठेवल्या, सवय व्हावी म्हणून.
"सुनेलासुद्धा इतका वेळ
उंबऱ्यावर थांबवीत नाहीत," चतुराबाई म्हणाली.
मग तीच थबकली.
"सून कशाची. माहेरचीच की ही."

बंधाऱ्याची एक फळी आम्ही काढून ठेवलीय.
पाटबंधाऱ्याचा शिपाई रोज विचारतो,
कुणाच्या परवानगीनं?

चतुराबाईनं जुनं जाळं उसवलंय.
नवं विणतेय, तीन बोटं डोळ्याचं.
यात काय अडकणार, मी म्हटलं.
दातात दोरा धरून ती म्हणाली,
"जायचं ते जाऊ दे."