येतो मी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली नटबोल्टचा कारखाना, वर आमचा स्टुडिओ.
लेथ थांबली की रेकॉर्डिंग;
म्हणून फर्गस म्यूअर मराठीत
बहुतेक वेळा दुपारी दीड ते दोनमध्येच मेला.

अकरा वेळा. मी मोजलंय.
दोनदा गोळी, एकदा बर्फात, एकदा बायकोच्या हातून,
बाकी साधे हार्ट अटॅक.
नायक कधीच नाही. इन्स्पेक्टर, पाद्री, कुणाचा तरी बाप.
आधी ग्लासगोच्या गोदीत वेल्डर होता म्हणे;
त्याची बोटं बघून पटायचं.

वाक्याआधी तो एक ‘हं’ घ्यायचा,
विहिरीत पोहरा सोडल्यासारखा.
टिपणीसबाईंच्या कागदावर तो कधी नसायचा.
मी मात्र सोडला नाही. बावीस वर्षं.

परवा शेवटचा भाग आला.
हेडफोनमध्ये काहीच नाही.
म्हटलं, भोईर, वायर बघ.
वायर ठीक होती.
किनाऱ्यावर वारा फार, म्हणून तिकडे
आवाज मागाहून भरायचा होता.
त्याआधीच तो गेला.
ओठ तेवढे हलत होते.

मूळ वाक्यात तो ‘जातो’ म्हणतो.
बाईंनी लिहिलं होतं, ‘येतो मी. दार लोटून घे.’
आपल्यात तसंच.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझ्याआधी कुणी बोललं नव्हतं.
मी ‘हं’ घेतला,
बोललो,
आणि खाली जेवणाची सुट्टी संपली.

भोईर काचेपलीकडून म्हणाला,
‘लेथची खरखर आलीय. परत घेऊ?’

‘राहू दे,’ म्हटलं,
‘तिकडे वारा होताच.’