चौदा नंबरचा हूक

तांडापेठेत, माग विकला त्याच खोलीत
दौलत निनावे निम्फ बांधतो.
पोटाला जळक्या मोटारीची तांब्याची तार,
शेपटीला कोंबड्याच्या मानेचे तीन तंतू,
पाठीवर लेकीचं नेलपॉलिश.
डझनाचे एकशेवीस. पाकीट जातं कुल्लूला.

ट्राउट त्यानं पाहिला नाही.
"लय चिकित्सक मासा," फोनवर दुकानदार,
"सहाचे पाच पाय झाले तर तोंड लावत नाही."
दौलतला आठवल्या
काठ उलटून पाहणाऱ्या बाया.

रविवारी अंबाझरीच्या दगडाखालून
त्यानं खरी अळी आणली, ग्लासात.
बाजूला आपली सोडली.
"यातली खरी कोणती गा?" बायको.

सकाळी ट्यूबलाइटला पंख चिकटलेले,
पाण्यावर रिकामी कात.

चहा निवला.
कात कशी बांधावी,
तो पाहून राहिला.