बाकी

दोंग वानच्या डोंगरात, चाचणीच्या आदल्या दिवशी,
न्हान बाईंनी जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ
भिंतीवर चिकटवली. मधोमध गोल: भागाकार.
‘आता आठवेल तशा फांद्या फुटू द्या.’

भाज्य फुटला, भाजक फुटला,
पाढ्यांची डहाळी वाकडी गेली खिडकीकडे.

सुंग थी सायची फांदी बाकीपाशी थांबेना.
बाकीतून तिनं काढलं घर,
मक्याची सहा कणसं, पाच भावंडं,
उरलेल्या एकावर झाकण,
झाकणावर आईचा हात.
‘बाई, आईला कुठे धरायचं? भाजकात?’

बाईंनी लाल पेन उघडलं,
टोपण पुन्हा लावलं.

चाचणीत सायनं लिहिलं: भागाकार एक, बाकी एक.
बरोबर.

कॅलेंडर अजून तिथंच आहे.
आईची फांदी
कुणीतरी हिरवी केलीय.