खांदेपालट

आठ माणसं, आठ खांदे.
टेप घेऊन मी एकेकाला भिंतीशी उभं करते,
टाच टेकव म्हणते, श्वास सोड.
विस्तिन ताडमाड, त्याला नुसती एक घडी.
कार्मनू बुटका, पण पुढची जागा सोडत नाही,
बापाची होती म्हणतो.
त्याच्यासाठी चार बोटं जाड उशी.

माल्टातल्या या एवढ्याशा गावात
बँड दोन, दारूची दुकानं दोन, न्हावी दोन.
निळ्यांच्या लग्नात लाल फूल चालत नाही,
आणि लालवाले निळ्यांच्या भट्टीतला पाव
शिळा आहे म्हणतात, वाफाळत असला तरी.
संत मात्र एकच: लेओनार्द, कैद्यांचा कैवारी.
लाकडाच्या हातात तुटकी बेडी, खरी, लोखंडी.
खालच्यांची पावलं जुळली नाहीत की ती वाजते
आणि सज्ज्यासज्ज्यांतून गाव कान देऊन मोजतं,
यंदा किती वेळा.

माझा बाप गोदीत लोखंड जोडायचा.
बंदी घातलेलं वर्तमानपत्र वाचायचा,
दारात खुर्ची टाकून, मोठ्यानं.
त्या वर्षांत ते पाप होतं, नरकात नेणारं.
मरताना पाद्रीनं विचारलं, पश्चात्ताप होतो?
बाप म्हणाला, कशाचा?
त्याला शेवटचं तेल लागलं नाही.
दफनभूमीच्या भिंतीपलीकडं पुरला,
त्या जागेला लोक उकिरडा म्हणायचे.
खांदा द्यायला गोदीतले तिघे आले.
चौथा कोपरा आईनं धरला.
मी नऊ वर्षांची, तिचा बूट सुटला होता तो बघत चालले.

तरी तू चर्चला जातेस? पोरं विचारतात.
जाते.
त्याच वेदीवरची भाकर जिभेवर घेते.
कधी टाळूला चिकटते. वरून पाणी पीत नाही मी.

निवडणूक झाली की झेंडे गटारात पडतात.
मी पहाटे गोळा करते.
लाल वेगळे धुते, निळे वेगळे, नाहीतर रंग लागतो.
मग कातरते आणि भरते उशांत,
तिथं कोण बघायला येतंय.

दुन शांद, आमचा नवा पाद्री, पोरगेला,
एकोप्यावर बोलला चाळीस मिनिटं.
लोकांनी घड्याळं पाहिली.
मी नंतर म्हटलं, यंदा मिरवणूक त्या भिंतीवरून न्या.
तो म्हणाला, गल्ली अरुंद आहे, पोलिसांची परवानगी लागेल,
आणि कान लाल होईपर्यंत कागद चाळत बसला.

सणाच्या रात्री पहिल्याच चौकात बेडी वाजली.
विस्तिन आणि नार्दू शेजारी शेजारी, तीन वर्षांचा अबोला:
सरकार बदललं आणि नार्दूच्या पोराची वीज खात्यातली नोकरी गेली,
विस्तिनच्या भाच्याला मिळाली.
दोघांच्या मानेवर एकच दांडा.
दांड्याला पक्ष कळत नाही, दुखतं तेवढं दोघांना दुखतं.

फाट्यावर कार्मनू अचानक म्हणाला, खांदा भरून आलाय.
त्याचा कधी येत नाही.
वळा, असं कुणीच म्हणालं नाही. आठही वळले.
बँड सरळ पुढं गेला, वाजवत, मागं कोणी नाही हे न कळता.

भिंतीशी टेकू लावले. संत विसाव्याला थांबला.
किती वेळ? एका सिगारेटीपुरता.
दुन शांदनं पवित्र पाण्याचा हात
भिंतीपलीकडं झटकला,
घाम झटकावा तसा, कुणाकडं न बघता.
मी शिंपडलेलं ऐकलं. कोरड्या गवतावर पडलं.

मग डावीकडचे उजवीकडं गेले, उजवीकडचे डावीकडं.
नार्दूनं विस्तिनची उशी सारखी केली, एका बोटानं,
जणू चुकून.
उचलताना बेडी वाजली. पुढं चर्चपर्यंत
वाजली नाही असं मी म्हणणार नाही.
कमी वाजली.

एप्रिलात पुन्हा मतदान आहे.
आणि कार्मनूची उशी उसवलीय,
शिवणीतून निळं डोकावतंय.
आज रात्रीच टाका घालायला हवा,
त्याच्या बायकोनं बघायच्या आत.